विश्लेषण : नवजात अर्भक वाचले, त्याच्या हालचालींची नोंद कोण घेणार?

नवी दिल्ली : देशातील नवजात मृत्युदर २०१४ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे २६ होता. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२१ च्या अहवालानुसार तो १९ पर्यंत खाली आला आहे. जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचलेले विशेष नवजात काळजी कक्ष, संस्थात्मक प्रसूतींचे ८८.६ टक्क्यांवर गेलेले प्रमाण आणि आशा कार्यकर्तींच्या गृहभेटी यांचे हे एकत्रित फलित आहे. एकेकाळी ज्यांच्या जगण्याची आशा सोडली जात असे, अशी दीड किलोहून कमी वजनाची अर्भकेही आता घरी जाऊ लागली आहेत.

घरी गेलेल्या या अर्भकांचे पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर मात्र आरोग्य यंत्रणेकडे तितक्या ठामपणे नाही. मुदतीपूर्वी जन्मलेल्या, जन्मतः न रडलेल्या, तीव्र कावीळ किंवा झटके येऊन गेलेल्या बालकांमध्ये मेंदूला इजा झालेली असण्याची शक्यता अधिक असते. ही इजा बाळाच्या हालचालींतून पहिल्या काही महिन्यांतच दिसू शकते. ती ओळखण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत आणि त्यांना महागडी यंत्रे लागत नाहीत. तरीही सेरेब्रल पाल्सी, अर्थात मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणारा कायमस्वरूपी परिणाम, याचे निदान परंपरेने १२ ते २४ महिन्यांच्या वयातच होत आले आहे. नवजात अर्भकाच्या फिजिओथेरपी मूल्यमापनाचा विषय त्यामुळे एका वैद्यकीय शाखेपुरता उरत नाही. सार्वजनिक आरोग्य धोरणातील ती एक उणीव ठरते.

प्रश्नाचा आकार

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लंडन येथील संशोधकांनी २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके मुदतपूर्व जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख २० हजार, म्हणजे पाचातील एकाहून अधिक, भारतातील होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वजनाची नोंद झालेल्या नवजातांपैकी सुमारे १८ टक्के बालके अडीच किलोहून कमी वजनाची आढळली होती.

भारतातील निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्रित विचार केल्यास सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण दर हजार बालकांमागे सुमारे तीन असल्याचे दिसते. वर्षाला दोन कोटींहून अधिक जन्म होणाऱ्या देशात ढोबळ हिशेबाने ही संख्या ६० हजारांपलीकडे जाते. यात प्रत्येक बालकाचे नुकसान टाळता येण्याजोगे असते असे नाही. पण लवकर ओळख पटली तर सांधे आखडणे, नितंबाचा सांधा निखळणे, गिळण्यातील अडचणींमुळे होणारे कुपोषण असे अनेक दुय्यम परिणाम रोखता किंवा सौम्य करता येतात.

श्रीमंत देशांत उपयुक्त ठरलेला प्रत्येक उपाय येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, याचाही अनुभव आला आहे. जन्मतः प्राणवायू कमी पडलेल्या अर्भकांचे शरीर ७२ तास थंड ठेवण्याची उपचारपद्धती पाश्चात्त्य देशांत प्रस्थापित आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील रुग्णालयांत ४०८ अर्भकांवर झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत मात्र तिच्यामुळे मृत्यू व अपंगत्वाचे एकत्रित प्रमाण घटले नाही; उलट मृत्यूंचे प्रमाण वाढलेले आढळले. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूची इजा प्रारंभीच थांबवण्याचा हा मार्ग आपल्याकडे इतका मर्यादित असताना, इजा झालेल्या बालकाला लवकर ओळखण्याचे महत्त्व अधिकच वाढते.

मूल्यमापनात नेमके काय पाहतात

नवजात अर्भकाची फिजिओथेरपी म्हणजे छातीतील कफ मोकळा करणे किंवा हातापायांना व्यायाम देणे, असा समज अनेक रुग्णालयांतही आढळतो. वस्तुतः या कामाचा मोठा भाग निरीक्षणाचा आहे.

सुरुवात बाळाला हात लावण्यापूर्वीच होते. गर्भारपणाचे आठवडे, जन्मवजन, जन्मतः रडण्याची नोंद, कृत्रिम श्वासावर काढलेले दिवस, काविळीची पातळी, झटके, मेंदूच्या सोनोग्राफीतील निष्कर्ष हा इतिहास आधी वाचला जातो. नंतर बाळाची अवस्था पाहिली जाते: गाढ झोप, हलकी झोप, शांत जागेपण की रडणे. भुकेल्या, रडणाऱ्या किंवा नुकतेच दूध प्यायलेल्या बाळाच्या स्नायूंचा ताण भलताच निष्कर्ष देऊ शकतो. अतिदक्षता कक्षातील नाजूक अर्भकाच्या बाबतीत हृदयगती आणि रक्तातील प्राणवायूची पातळी यांवर सतत लक्ष ठेवून, अस्वस्थतेची चिन्हे दिसताच तपासणी थांबवावी लागते.

त्यानंतर शरीराची ठेवण, हालचालींतील समतोल, उजव्या-डाव्या बाजूंमधील फरक आणि स्नायूंचा ताण यांचा क्रम येतो. पूर्ण दिवस भरलेले बाळ हातपाय दुमडून घेतलेल्या स्थितीत असते. २८ आठवड्यांत जन्मलेल्या बाळाचे हातपाय सैल पसरलेले असतात आणि ताण पायांकडून वरच्या दिशेने हळूहळू वाढत जातो. म्हणूनच ‘सैल’ किंवा ‘ताठ’ हे शब्द वयाच्या संदर्भाशिवाय निरर्थक ठरतात. फ्रेंच बालरोगतज्ज्ञ क्लोदिन आमिएल-तिझों यांनी रूढ केलेली सांध्यांच्या कोनांची तपासणी भारतातील जोखीमग्रस्त नवजात चिकित्सालयांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. मांड्या बाजूला पसरल्यावर होणारा कोन, गुडघ्यामागचा कोन, टाच कानाकडे नेताना जाणवणारा अडथळा आणि हात छातीवरून विरुद्ध खांद्याकडे नेल्यावर कोपर कुठवर पोहोचते, ही त्यातील चार मापे. दचकण्याची, मुठीत पकडण्याची, ओठांजवळच्या स्पर्शाकडे वळण्याची आणि चोखण्याची प्रतिक्षिप्त क्रियाही याच वेळी तपासली जाते.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात लिली आणि व्हिक्टर डुबोविट्झ यांनी विकसित केलेल्या नवजात चेतासंस्था तपासणीत अशा ३४ बाबी आहेत. दोन ते चोवीस महिन्यांच्या बालकांसाठीच्या तिच्या पुढील रूपात २६ बाबी आणि कमाल ७८ गुण असतात. ही दुसरी तपासणी सरावलेल्या हाताला दहा मिनिटांच्या आसपास पुरते. तिसऱ्या महिन्यात ५७ पेक्षा कमी गुण मिळाल्यास सेरेब्रल पाल्सीची शक्यता फार मोठी मानली जाते.

पाच मिनिटांची चित्रफीत

या क्षेत्रातील सर्वांत मोठा बदल घडला तो मात्र बाळाला स्पर्शही न करणाऱ्या पद्धतीमुळे. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे काम केलेले चेतासंस्थातज्ज्ञ हाइन्झ प्रेष्टल यांनी नवजात अर्भकांच्या उत्स्फूर्त हालचालींचा दीर्घकाळ अभ्यास केला. बाळ पाठीवर निजलेले, जागे आणि शांत असताना, खेळणे न दाखवता किंवा न बोलता, तीन ते पाच मिनिटांची चित्रफीत घ्यायची आणि प्रशिक्षित तज्ज्ञाने ती पाहायची, एवढीच ही पद्धत.

जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत निरोगी बाळाच्या हालचाली संपूर्ण शरीर व्यापणाऱ्या, पिळवटल्यासारख्या आणि वैविध्यपूर्ण असतात. साधारण नवव्या आठवड्यापासून विसाव्या आठवड्यापर्यंत त्यांची जागा मान, धड आणि हातापायांच्या सर्व दिशांनी होणाऱ्या छोट्या, सतत चुळबुळत्या हालचाली घेतात. मेंदूला गंभीर इजा असेल तर पहिल्या टप्प्यात सर्व अवयव एकाच वेळी ताठरतात व एकाच वेळी सैलावतात. दुसऱ्या टप्प्यातील चुळबुळ दिसतच नाही.

प्रेष्टल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या अभ्यासात १३० अर्भकांचा पाठपुरावा होता. चुळबुळीच्या हालचाली सामान्य असलेल्या ७० बालकांपैकी ६७ जणांची चेतासंस्था पुढे सामान्य राहिली, तर त्या नसलेल्या किंवा विकृत असलेल्या ६० पैकी ५७ जणांमध्ये दोष आढळला. २०१७ मध्ये ‘जामा पेडियाट्रिक्स’ने प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक लेखात सुधारित वयाच्या पाच महिन्यांपूर्वी निदानासाठी तीन साधनांची शिफारस करण्यात आली: मेंदूचा एमआरआय, हालचालींचे हे मूल्यमापन आणि हॅमरस्मिथ तपासणी. जोखीमग्रस्त अर्भके ओळखण्याची हालचाल मूल्यमापनाची क्षमता तेथे ९८ टक्के, तर एमआरआयची ८६ ते ८९ टक्के नोंदवली आहे.

एमआरआय यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेलच याची खात्री नसते. कॅमेरा असलेला मोबाइल मात्र जवळपास प्रत्येक आशा कार्यकर्तीच्या हाती असतो. पश्चिम बंगालमध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या सहकार्याने हाती घेतलेल्या एका चाचणीत हीच दिशा धरण्यात आली. जोखमीची अर्भके या दोन तपासण्यांच्या आधारे शोधायची आणि स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन पालकांना शिकवायचे, अशी तिची रचना होती.

पद्धतीच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. चित्रफीत वाचण्यासाठी प्रमाणित प्रशिक्षण आणि सराव लागतो. ९८ टक्क्यांचा आकडा जोखीमग्रस्त बालकांसाठी आहे. सरसकट प्रत्येक बाळाला ही चाचणी लावल्यास विनाकारण धास्तावलेल्या पालकांची संख्या वाढेल. मुदतपूर्व बाळांपैकी काहींमध्ये पहिल्या वर्षात दिसणारी ताठरता पुढे आपोआप नाहीशी होते. त्यामुळे एका दिवशीच्या एका तपासणीवरून अंतिम शिक्का मारणे अयोग्य ठरते. तज्ज्ञांमध्ये ‘सेरेब्रल पाल्सीची मोठी जोखीम’ असे तात्पुरते निदान नोंदवून उपचार सुरू करण्याचा जो मार्ग मान्य झाला आहे, तो याच कारणासाठी.

धोरण कागदावर, तारीख हुकलेली

भारताकडे या विषयात धोरण नाही, असे म्हणता येणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरच्या नवजात काळजीतून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटवल्याचे १९९९ मध्ये दाखवून दिले. २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंतच्या पाच भेटींची जोड २०१८ मध्ये देण्यात आली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार गटांत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी त्याची मांडणी आहे. या केंद्राच्या चमूत बालरोगतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्याबरोबर फिजिओथेरपिस्टचे पद आहे. सप्टेंबर २०१४ च्या भारत नवजात कृती आराखड्याने तर ‘जगण्यापलीकडील काळजी’ हा आपला सहावा आधारस्तंभ मानला. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानेही जोखमीची प्रकरणे ओळखण्यासाठी सर्व बालकांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

अडचण या दुव्यांच्या जोडणीत आहे. नवजात काळजी कक्षाच्या मनुष्यबळाची रचना डॉक्टर आणि परिचारिकांभोवती आहे, तर फिजिओथेरपिस्ट बसतो शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. बाळ एका दारातून बाहेर पडते आणि दुसऱ्या दारापर्यंत त्याने स्वतःहून पोहोचावे अशी अपेक्षा असते. आशा कार्यकर्तीची जन्मानंतरची तपासणी प्रामुख्याने डोळ्यांना दिसणाऱ्या व्यंगांसाठी आहे. वाकडे पाऊल किंवा फाटलेला ओठ तिच्या नजरेतून सुटत नाही. हालचालींचा अभाव दिसण्यासाठी मात्र वेगळे प्रशिक्षण लागते. अंगणवाडीतील फिरत्या पथकाची तपासणी वर्षातून दोनदा होते. चुळबुळीच्या हालचालींची खिडकी जेमतेम अकरा आठवडे उघडी असते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात ती उघडून बंदही होऊ शकते.

मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबांचे उदाहरण पाहिल्यास हा प्रश्न स्पष्ट होतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात व पाच-सहा महिन्यांनी परततात. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या बाळाचा तिसरा ते पाचवा महिना फडावरच्या कोपीत जातो. त्याच्या माता-बाल संरक्षण कार्डावर गावातील आशाचे नाव असते. फडावर येणारी आशा, आली तरी, दुसरी असते. बाळ परत येते तेव्हा ते मान धरत नाही हे घरच्यांना कळलेले असते, पण ‘उशिरा धरेल’ या समजुतीवर आणखी काही महिने निघून जातात. वीटभट्ट्या आणि बांधकामांवर राज्याबाहेर जाणाऱ्या कुटुंबांचीही गोष्ट याहून वेगळी नाही.

लवकर ओळखून मिळते काय

उपचारच नसतील तर लवकर निदान करून पालकांच्या माथी चिंता का मारावी, असा आक्षेप काही डॉक्टर घेतात. तो निराधार नाही. मुदतपूर्व बालकांसाठीच्या प्रारंभिक हस्तक्षेप कार्यक्रमांच्या कोक्रेन आढाव्यांत बौद्धिक विकासाला शालापूर्व वयापर्यंत फायदा दिसतो. हालचालींच्या विकासावरील परिणाम मात्र अल्प आहे. पालकांसमोर चमत्काराचे आश्वासन ठेवणाऱ्या खासगी केंद्रांविषयी सावध राहण्यास हे पुरेसे कारण आहे. बाळाचे हातपाय इतरांनी हलवत राहण्यापेक्षा बाळ स्वतः प्रयत्न करील अशी परिस्थिती घरात निर्माण करणे अधिक उपयुक्त, हाच अलीकडच्या संशोधनाचा कल आहे.

असे असले तरी काही लाभ निर्विवाद आहेत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे एकतृतीयांश मुलांमध्ये नितंबाचा सांधा सरकतो. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सुरू असलेल्या नियमित देखरेखीच्या कार्यक्रमाने असे सांधे पूर्ण निखळणे जवळजवळ थांबवले आहे. वाकड्या पावलांसाठी दर आठवड्याला बदलल्या जाणाऱ्या प्लास्टरची पोन्सेटी पद्धत पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाल्यास बहुतेक बालकांची मोठी शस्त्रक्रिया टळते. जन्माच्या वेळी खांद्याच्या नसा ताणल्या गेलेल्या बाळाचा हात कसा धरावा, एवढे आईला वेळेत समजले तरी पुढचा आखडलेला सांधा टळू शकतो.

घरातील रूढींचाही येथे विचार करावा लागतो. बाळाला न्हाऊ-माखू घालणाऱ्या अनुभवी बाईच्या हाताला ताठरलेला पाय किंवा न उघडणारी मूठ पुष्कळदा सर्वांआधी जाणवते. तिच्या या निरीक्षणाला वाट मिळाली पाहिजे. त्याच वेळी बाळाला पायांना धरून उलटे करणे किंवा पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणे घातक आहे, हेही सांगितले गेले पाहिजे. अशा गुंडाळण्याने नितंबाच्या सांध्याच्या वाढीला बाधा येते.

मनुष्यबळ आणि पुढील वाट

सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग स्थापणारा कायदा २०२१ मध्ये झाला आणि फिजिओथेरपीला त्यात स्थान मिळाले. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावामागे ‘डॉक्टर’ लावावे की नाही, यावरून देशभर वाद रंगला. नवजात कक्षात काम करण्याचे प्रशिक्षण त्यांच्यापैकी किती जणांकडे आहे आणि जिल्हा केंद्रांतील किती पदे भरलेली आहेत, हे प्रश्न त्या वादात मागे पडले.

देशात या कामाची परंपरा नाही, असेही नाही. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांच्या विकासाचे मापदंड तयार केले आणि त्यावर आधारित मोजपट्टी आजही वापरात आहे. तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्राने अवघ्या १७ बाबींचा तक्ता दिला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या दोन किलोहून कमी वजनाच्या बालकांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ती प्रौढ होईपर्यंत पाठपुरावा केला. चिकाटीने पाठपुरावा करणे येथेही शक्य आहे, हे या कामाने दाखवले आहे.

त्या अनुभवाच्या आधारे काही गोष्टी मोठ्या खर्चाविना करता येतील. नवजात काळजी कक्षातून घरी जाणाऱ्या प्रत्येक जोखमीच्या बाळाच्या कागदावर सुधारित वयाच्या १२ ते १६ आठवड्यांची एक निश्चित तारीख लिहिली जावी. सुधारित वय म्हणजे जन्मतारखेऐवजी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेले वय. दोन महिने आधी जन्मलेले बाळ पाच महिन्यांचे झाले की या हिशेबाने तीन महिन्यांचे असते. पालकांना हे घरी जातानाच समजावून सांगितले गेले पाहिजे. शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील फिजिओथेरपिस्टने आठवड्यातील ठराविक दिवस नवजात कक्षात द्यावेत, म्हणजे दोन दारांमधील अंतर संपेल. आशा कार्यकर्तीने घेतलेली चित्रफीत वैद्यकीय महाविद्यालयातील प्रशिक्षित तज्ज्ञाने पाहावी. अर्थात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार बालकाच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक असून ती केवळ सहीपुरती राहता कामा नये. स्थलांतरित कुटुंबाच्या बाबतीत ही तारीख मुक्कामाच्या जिल्ह्याकडे कळवण्याची जबाबदारी कुणा एकावर निश्चित करावी लागेल.

नवजात मृत्युदर २०३० पर्यंत एक आकडी करण्याचे लक्ष्य देशाने ठेवले आहे. ते गाठले जाईल तेव्हा आणखी लहान, आणखी नाजूक अर्भके घरी गेलेली असतील. मृत्युदरासोबत जोखमीच्या किती बालकांची तपासणी पाचव्या महिन्यापूर्वी झाली, हा आकडाही जिल्हानिहाय प्रसिद्ध होऊ लागला तरच आराखड्यातील सहाव्या आधारस्तंभाला अर्थ येईल. तोवर या बालकांच्या हालचालींची पहिली नोंद त्यांच्या आयांच्या आठवणींतच राहील. आणि ती ऐकून घेणारा माणूस त्यांना भेटेपर्यंत बहुधा पहिले वर्ष उलटून गेलेले असेल.